उकळत्या उसळीतला पाचक रस

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात पंजाबराव पारावर आले की माणसं आधी वारा कुठून येतो ते पाहत आणि मग जागा धरत. हरभरा, बरबटी, वाल, काहीही खाल्लं तरी त्यांचं पोट चारचौघांत बोलायचं. त्यात त्यांना सरपंच व्हायचं होतं. पंच म्हणून ते निवडून आले होते. सरपंचाची निवड तेवढी शाळेच्या बंद खोलीत, हात वर करून व्हायची होती. तिथं पोट बोललं तर सारं मुसळ केरात.

म्हणून ते मलकापुरात गेले आणि पाचक रसाची बाटली घेऊन आले. दुकानदारानं बजावलं होतं, "पहिल्या घासासंग चमचाभर घ्या, पाटील."

पण चमच्यानं औषध घेणारा सरपंच त्यांच्या मनाला पटेना.

निवडीच्या सकाळी त्यांनी पंचांना रोडग्यांची पंगत दिली. चुलीवर हरभऱ्याची उसळ खदखदत होती. बायको मनकर्णाबाई हिंग-ओवा घेऊन आली, तर त्यांनी तिला अडवलं आणि अख्खी बाटली उसळीत ओतली.

"काहो, हे जेवताना घ्याचं होतं ना जी?"

"एकट्यानं काऊन घेऊ? पुऱ्या पंचायतीचं पोट सांभाळतो मी."

"उकळल्यावर त्यात काय राह्यते?"

"तुले काय समजते त्यातलं."

रस उकळीत मेला. रुबाब तेवढा शिजून फुगला. पंच ओरपून जेवले. विरोधातले भगवानराव मात्र पंगतीला फिरकले नाहीत, घरीच ताक-भाकर खाऊन आले.

दुपारी खोलीचं दार लागलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, "पंजाबरावांच्या बाजूचे हात वर करा."

पंच ओठ मिटून, मांड्या आवळून, मूर्तीसारखे बसले होते. त्यातल्या इंद्रभाननं हात जरासा उचलला, त्यासरशी त्याच्या खालून असा आवाज निघाला की साहेबांनी खिडकीकडं पाहिलं. हात पुन्हा खाली. पंजाबरावांना स्वतःचंही मत देता येईना. कपाळावरून घाम ओघळत होता, तोही त्यांनी पुसला नाही.

"भगवानरावांच्या बाजूचे?"

एकच हात वर गेला, अगदी सावकाश, मिशीवरून फिरून. तो भगवानरावांचाच होता. तेवढ्यावर ते सरपंच झाले.

घरी मनकर्णाबाईनं विचारलं, "काय झालं जी?"

"भगवानरावनं डाव टाकला."

"डाव कायचा? ताक पेला तो."

पंजाबराव पुढं सालोसाल पारावर सांगत राहिले की औषधातच खोट होती. लोक माना डोलवत ऐकत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून.