हौसाचा पाय

हे मी आजवर कुणालाच बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, देवापुढं सुदीक न्हाई. तुमाला सांगते, कारण उद्या जिला सांगायचंय तिच्यापुढं जीभ अडखळायला नको.

हौसा माझी धाकटी नणंद. भाटघरचं नवं धरण भरायला लागलं त्या सालची गोष्ट, पोर आठ-नऊ वर्साची. तुपाची कढई लवंडली आन् तिच्या गुडघ्यामागचं कातडं सोलून निघालं. जखम भरली, पण कातडं आखडायला लागलं. सासू रोज सकाळी तेल चोळून पाय सरळ ताणायची. पोर हंबरडा फोडायची — सासू म्हणायची, आज रडंल, पण जलमभर चालंल.

दिवाळी सरली, घरची समदी माणसं मेंढरं घिऊन नीरा नदीकडं खाली उतरली. म्हशी बघायला मी मागं, आन् पाय मोकळा होईस्तवर हौसा माझ्यापाशी. सासूनं जाताना बजावलं, "सूनबाई, एक दीस बी चुकवू नगंस."

म्या चुकवला. का? पोर रडती म्हणून — असं माझ्याच मनाला किती वर्सं सांगितलं! खोटं. आदी दया आली, व्हय. मग? मग ध्यानात आलं, पाय मोकळा झाला की हिला कळपाकडं धाडायची. आन् मग त्या डोंगरावर वारं, म्हशी आन् मी एकली. तेलाची वाटी फळीवर ठिवली ती ठिवलीच. आमी दोघी चुलीपाशी बसून गाणी म्हणायचो. लई सुखाचे दीस हुते ते — हे बी सांगूनच टाकते.

मिरगाच्या आदी सासू परतली. हौसाचा पाय विळ्यागत वाकडा. मी म्हणाले, "आत्याबाई, मी रोज ताणत हुते. पोरच आखडून घेती." सासूनं तिच्या पाठीत धपाटे घातले. पोरीनं माझ्याकडं बघितलं — आन् गप ऱ्हायली. तिला वाटलं, वैनीनं आपलं रडू वाचवलं, आता आपण वैनीला वाचवावं. काय म्हणू मी मला?

लंगडी म्हणून बिजवराला दिली. अजून बी मला 'मायेची वैनी' म्हणती.

आता ती माहेरी आलीय. तिच्या लेकीनं तापल्या तव्यावर हात टेकला. तळवा भाजला, भरला, आन् बोटं आत वळायला लागलीत. मी रोज सकाळी तेल लावून ताणते. पोर बोंबलती. हौसाच्या डोळ्याला धार लागती, "सोड की गं वैनी, तू माझ्यावर कवा असा जोर केला न्हाईस!"

मी सोडत न्हाई.

उद्या हौसाला समदं सांगणार. पण आदी तिच्याच हातानं बोटं ताणून घेणार, दमानं, एकेक करून, नीट जमेस्तवर. मगच सांगणार. म्हंजी तिनं पुन्यांदा माझं तोंड न्हाई बघितलं, तरी पोरीचा हात रोज ताणला जाईल.