एकच माईक, दोन सभा

आमच्या गल्लीतल्या माईकवाल्याने आयुष्यभर जगाला बोलतं केलं, पण स्वतः माईकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री"च्या पुढे कधी गेला नाही. आपण तोंड उघडलं की एक गिऱ्हाईक तुटतं, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याच्या घराच्या भिंतीला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे ते मी रोज फुकट ऐकतो.

लढाई सुरू झाली आणि ती थेट त्याच्या जेवणाच्या खोलीत शिरली. त्याचा थोरला भाऊ, आमचा दादा, निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटा राहायचा, जेवायला खाली यायचा. त्याचा एकुलता एक मुलगा आघाडीवर गेला होता. माईकवाल्याची बायको, म्हणजे वहिनी, सरकारी दवाखान्यात नर्स. एकदा जेवताना ती म्हणाली, "वॉर्डात मलमपट्टीला कापूस नाही आणि तिकडे पैशाचा धूर चाललाय. कशासाठी, ते तरी कुणी सांगावं!"

"त्या धुरात माझं पोर उभं आहे," एवढंच बोलून दादा भरल्या ताटावरून उठला. आठ महिने तो जेवायला खाली उतरला नाही. वहिनी रोज तीन ताटं मांडायची आणि एक तसंच उचलून ठेवायची. माईकवाला मूग गिळून बसला. मला त्याचा भयंकर राग यायचा. अरे, भाऊ तुझा, बायको तुझी!

गावातही दोन तट पडले, सभांना ऊत आला. आपण कुणाच्या बाजूचे ही चौकशीच नको, म्हणून याने वहीत बोलावणाऱ्यांची नावं लिहिणं सोडलं. नुसती जागा, वार आणि वेळ. 'मैदान, शनिवार, पाच' असं दोनदा दिसलं, तेव्हा आपणच चुकून दोनदा लिहिलं असं समजून या शहाण्याने एक ओळ खोडून टाकली.

शनिवारी पाचला दोन्ही तट मैदानात हजर. इकडे वहिनी, तिकडे दादा, मध्ये हा एकच माईक घेऊन घामाघूम. दोन्हीकडून शिव्यांची लाखोली. शेवटी म्हणाला, "आळीपाळीने बोला. एक बोलताना दुसऱ्याला ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही."

वहिनी कापसाबद्दल बोलली, बंद पडलेल्या ऑपरेशनच्या खोलीबद्दल बोलली. समोरच्यांनी हुल्लड केली, पण याचे भोंगे दणदणीत. मग दादा उठला. "आपण पाठ फिरवली तर तिथल्या पोरांनी कुणाकडे पाहायचं?" टाळ्या पडल्या. पुढचा कागद उलटताना त्याचा हात थांबला. "गावभर पत्रं वाटली मी," तो म्हणाला, "पण माझ्या दारात सहा आठवडे एक नाही."

वहिनी गर्दीतून पुढे आली. "भाऊजी, सहा आठवडे? आणि मला सांगितलं नाहीत? जिना उतरायला काय झालं होतं?"

"तुझ्यासमोर रडू आलं असतं," दादा म्हणाला. "मग भांडलो कुणाशी असतो?"

कुणीतरी हसलं, मग दोन्हीकडचे हसले. माईकवाल्याने माईक काढून घेतला आणि हळूच म्हणाला, "दादा, घरी जेवायला चल. तुझं ताट रोज मांडतो आम्ही." ते चारही भोंग्यांतून गावभर गेलं. माईक बंद करायला विसरला की मुद्दाम चालू ठेवला, हे त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

लढाई काही थांबली नाही. वहिनी आणि दादा अजूनही भांडतात, पण जेवता जेवता, आणि मला भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येतो. महिन्याच्या अखेरीस पत्र आलं. दादाने ते न फोडताच खाली आणलं आणि वहिनीच्या हातात दिलं.

"तूच वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. मैदानात बोललीस तशी."