पिठल्यावरचा स्लॅब

हे मला आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, पुढ्यातला चहा गार झाला तरी चालेल. आमच्या आत्याच्या यजमानांइतका घराला घाबरणारा माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात सापडायचा नाही. लोक सापाला घाबरतात, विंचवाला घाबरतात, काही जण सासऱ्याला घाबरतात. हे भिंतीला घाबरतात. नव्या भिंतीला तर जास्तच, कारण जुनी भिंत निदान आजवर पडलेली नसते.

आम्ही त्यांना मामा म्हणतो. आत्या गावातच दिलेली, चार घरं सोडून. गणपती उठले आणि मामांनी घरावरचे पत्रे काढले, नव्या भिंती चढवायला घेतल्या आणि दोघं दोन महिन्यांसाठी आमच्याकडं राहायला आले. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणली आणि विटा आणल्या सहा. त्या विटा आमच्या बाथरूममधल्या बादलीत भिजत पडल्या. सकाळी मी टॉवेल घेऊन दारात उभी, आणि आतून मामा ओरडतायत, "थांब पोरी, अजून बुडबुडं येत्यात!" बुडबुडे थांबल्यावर ते दोन विटा एकमेकींवर आपटायचे, कान लावून ऐकायचे, आणि वीट खणखण वाजली तरच मला आंघोळ मिळायची. एक दिवस एक वीट बद्द वाजली. त्या दिवशी मी कॉलेजला पारोशी गेले.

दसरा जवळ आला की आमच्या काष्टीच्या रस्त्यानं नवीन घरांचं पीकच येतं. कुठं बाल्कनीला काचेचा कठडा, कुठं छताला पीओपी आणि त्यात निळे दिवे, कुठं नुसतं एलिव्हेशनच एवढं भारी की मागं घर आहे का नाही ते शोधावं लागतं. मला हे सगळं लई आवडतं, मी फोटो काढत फिरते. मामा माझ्याबरोबर यायचे आणि प्रत्येक अर्धवट घरात न बोलावता शिरायचे. सिमेंटच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते गार लागतंय का बघायचे. कॉलमवर बोटं वाजवायचे, डॉक्टर छातीवर वाजवतात तशी. काचेच्या कठड्यासमोर उभं राहून एका मालकाला म्हणाले, "लई झ्याक केलंय. पन ह्याला टेकायचं कुनी?" तो मालक नुकताच टेकला होता. तो हळूच सरळ उभा राहिला.

वास्तुशांतीची तर आमंत्रणंच यायची बंद झाली होती. का? तर एका ठिकाणी पंगत बसली, पानं वाढली, सगळे "घ्या, घ्या" म्हणतायत, आणि मामांनी आपल्या पेल्यातलं पाणी नव्याकोऱ्या फरशीवर ओतलं. मग मान वाकडी करून बघत बसले, पाणी कुठं जातंय. पाणी निघालं थेट देवघराकडं. "उतार चुकला," मामा म्हणाले, आणि बुंदीला हात घातला. घरमालकीण अजून आत्याशी बोलत नाही.

पण ह्या सगळ्या भीतीच्या तळाशी एक गोष्ट होती, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आत्यानं लग्न झाल्यापासून पत्र्याच्या घरात संसार केला. पावसाळ्यात कुठल्या गळतीखाली कुठलं पातेलं ठेवायचं हे तिला पाठ होतं. तिनं उभ्या जन्मात एकच मागणं मागितलं होतं, डोक्यावर स्लॅब. मामांनी यंदा शब्द दिला होता की दिवाळीचा दिवा स्लॅबच्या घरात लावशील. आणि मामांनी तरुणपणी एक स्लॅब बघितला होता, मधेच काम थांबलेला. अर्धा आज टाकला, अर्धा उद्या, आणि त्या जोडातून पुढं कायमचं पाणी. "स्लॅब एकदा सुरू झाला की थांबायचा न्हाई," हे वाक्य ते झोपेतसुद्धा बोलायचे. खरंच बोलायचे, भिंतीपलीकडं मी होते.

तर दसऱ्यानंतर दोन दिवसांनी स्लॅब ठरला. आता आमच्याकडं पद्धत अशी की स्लॅबच्या दिवशी गँगला मटणाचं जेवण. गँग म्हणजे वीस-बावीस माणसं, बायका-पुरुष. काँक्रीटच्या मिक्सरवर नारळ फुटतो आणि दिवसभर घमेली हातोहात जातात. शेवटचं घमेलं रिकामं झालं की हात धुऊन पंगत. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

मामांना त्याचीच भीती! त्यांचं म्हणणं असं, की मटणाचा वास नाकात गेला की गडी काम उरकायला बघतो, व्हायब्रेटर वरच्यावर फिरवतो, आणि आत स्लॅबमध्ये पोकळी राहते. म्हणून त्यांनी काय करावं? मटण लांब, ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर शिजायला घातलं. आम्हाला शपथा घातल्या. आत्या म्हणाली, "अवो, खायला घालायचंय का चोरी करायचीय?" मामा म्हणाले, "स्लॅब पडला की सांगू. तवर गप."

सकाळी काम झकास सुरू झालं. मामा वर-खाली, वर-खाली. मला दर दहा मिनिटांनी मोबाईलमध्ये ढग बघायला लावायचे आणि त्यावर विश्वास नाही म्हणून शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या साडूला फोन करायचे, कारण परतीचा पाऊस आमच्याकडं तिकडून येतो. "आभाळ कसं हाय?" साडू वैतागून म्हणाला, "जागच्या जागी हाय. हाललं की सांगतो. फोन ठीव."

दुपार झाली, निम्मा स्लॅब पडला, आणि घमेलं पुढं करता करता गँगमधल्या एका मावशीनं हसत विचारलं, "मालक, आज काय बेत?"

मामा म्हणाले, "पिठलं-भाकरी."

हातोहात जाणारी घमेली होती तिथंच थांबली. गँगचा मुकादम सावकाश वळला. "स्लॅबला?"

"व्हय. हलकं बरं असतं."

"मालक, आमी लई स्लॅब टाकले," मुकादम म्हणाला. "पिठल्यावर अजून न्हाई टाकला."

मावशी म्हणाली, "आसू दे की. घमेलीबी हलकीच देऊ आपन."

आणि तसंच झालं! कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. नुसती घमेली अर्धी अर्धी यायला लागली. मग चहा आला, आणि चहाला बसलेली माणसं उठेचनात. कुणाचा पाय अवघडला, कुणाचं कुंकू पुसलं, मुकादमाला नेमका तेव्हाच तंबाखू मळायला वेळ मिळाला. वर अर्धा स्लॅब उन्हात सुकत चाललेला, त्याची ती ओली कड आमच्या डोळ्यांदेखत पांढरी पडायला लागलेली. मामांचा चेहरा त्या सिमेंटच्या रंगाचा झाला होता. आणि फोन वाजला. साडू. "हाललं."

मामा गँगपुढं हात जोडून उभे राहिले. "अरं बाबांनो, मटन हाय! वस्तीवर शिजतंय. मीच खोटं बोललो."

कुणी विश्वास ठेवीना. मावशी म्हणाली, "आता मटन कुठनं आनता, फोनमधनं?" मुकादम म्हणाला, "मालक, मगाशी पिठलं व्हतं, आता मटन हाय. घटकाभर बसलो तर श्रीखंड व्हईल."

मी कुणालाच काही न विचारता चहाची किटली उचलली आणि स्कूटीवर बसले. वस्तीवर पातेल्यात रटरटत होतं, अजून अर्धं कच्चं. रस्सा किटलीत ओतून घेतला. येताना समोर कर्जतच्या बाजूचं आभाळ बघितलं आणि नको ते नवस बोलले. परत आले, किटली मुकादमापुढं धरली. त्यानं चहाच्याच कपात ओतून घेतलं, वास घेतला, एक घोट घेतला. सगळी गँग त्याच्या तोंडाकडं बघतेय. मामांनी डोळे मिटलेले.

"मीठ कमी हाय," मुकादम म्हणाला, आणि उभा राहिला. "चला गं बायांनो!"

मग जे झालं ना, ते मला अजून डोळ्यांपुढं दिसतंय. माणसं कमी पडत होती, वेळ गेला होता. आत्यानं पदर खोचला आणि रांगेत शिरली. माझे वडील शिरले, मी शिरले, समोरच्या घरातले लोक आले. आणि मावशीनं मामांचा दंड धरून त्यांना रांगेच्या मधोमध उभं केलं, "बघत काय बसलाय, धरा!" डावीकडून आत्या घमेलं देतेय, उजवीकडं मावशी घेतेय, मधे मामा. पहिल्या घमेल्यात बोट घालून बघायला गेले, तर दुसरं छातीवर आलं. त्यानंतर त्यांना तपासायला वेळच मिळाला नाही. शिडी कुणी धरलीय, व्हायब्रेटर कुठं फिरतोय, काही काही बघता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते नुसते घेत होते आणि पुढं देत होते.

शेवटचं घमेलं पडलं, वरून प्लास्टिक पसरलं, आणि पाऊण तासानं थेंब आले. आमच्या पडवीत पंगत बसली. आभार-बिभार मामांना बोलता येत नाही. ते पातेलं घेऊन प्रत्येकापुढं वाकायचे, "अजून घे," आणि तो नको म्हणाला तर तिथंच उभे राहायचे, घेईपर्यंत. मावशीनं चारदा घेतलं. मुकादमापुढं मिठाची वाटी मामांनी स्वतः नेऊन ठेवली.

दिवाळीच्या तोंडावर स्लॅबखालचं सेंट्रिंग, फळ्या आणि टेकू, उतरलं. गिलावा बाकी, खिडक्यांना अजून रंग नाही, पण आत्यानं सामान हलवलं आणि दिवा लावलाच. पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर मामा उंबऱ्यात उभे. बाहेर सगळा रस्ता ओला, वळचणीला पाणी ठिबकतंय.

"पोरी, पाऊस कधी पडला गं?"

"मामा, तासभर झोडपत होता की! तुम्ही घरातच होता ना?"

"घरातच हुतो. आवाजच आला न्हाई." ते आत वळून छताकडं बघायला लागले. छत कोरडं ठणठणीत होतं. आत्या चुलीपुढं बसून होती, ती म्हणाली, "आभाळ भरून आलं म्हनून दोन डाव पातेली घेऊन उठले मी. पत्र्यावर वाजायचं तवा निदान कळायचं तरी. आता कोन सांगनार, पाऊस आला म्हनून?"

तेव्हापासून मामा दर थोड्या वेळानं दारात येतात, हात बाहेर काढून बघतात आणि आत जाऊन आत्याला सांगतात, "न्हाई." किंवा सांगतात, "आला." आत्या मान हलवते आणि तिचं तिचं काम करत राहते. माझी स्वतःची अजून एक भिंत नाही, तरी ते बघून मला कसंतरीच होतं.

तुमच्या घरी असं कधी झालंय का हो, जन्मभर मागितलेलं मिळालं, आणि मग एक जण पाऊस बघायला दारात, आणि दुसरं आत ऐकत बसलंय?