सेकंदाला पन्नास

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसून कापसाच्या गाड्यांची वजनं लिहीत होतो. समोरच्या गाडीचा आकडा पुरा लिहिला, खाली सही केली आणि मग उठलो. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटलं. ताईला वाटलं नसतं. अर्धवट आकडा आमच्या घरात कोणालाच सोसत नाही... माझी ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली आणि आयुष्यभर कर्णबधिर मुलांच्या शाळेत गणित शिकवत आली. तोंडाने नाही, हातांनी.

टाळेबंदीत शाळा बंद झाली, मुलं आपापल्या गावी गेली, तेव्हा ताईने स्वतःचे पाठ फोनवर चित्रित करायला घेतले. फोन मी धरायचो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बाजारातल्या मिक्सिंगवाल्याने तुकडे जोडून दिले आणि पहिला पाठ आम्ही मोठ्या कौतुकाने सगळ्यांना पाठवला. महागावहून तिची विद्यार्थिनी पल्लवी हिचा लगेच व्हिडिओ कॉल आला. हातांच्या भाषेत ती म्हणाली, "मॅडम, तुमचे हात मधेच तुटतात. बेरीज सांगता की वजाबाकी, कळत नाही." ताईने फोन खाली ठेवला. "बाबू, पोरगी खोटं नाही बोलत. काहून तुटते ते शोध."

शोधलं. व्हिडिओ म्हणजे भराभर पुढे सरकणारी स्थिर चित्रं. आमचा फोन सेकंदाला तीस चित्रं घेत होता आणि मिक्सिंगवाल्याने पाठ पंचवीसवर जोडला होता. म्हणजे दर सहा चित्रांमागे एक गळत होतं आणि त्या जागी हात एकदम दुप्पट अंतर सरकत होता. लग्नातली वरात पाहणाऱ्याला तो हिसका जाणवतही नाही. पण बोटं हीच ज्याची भाषा, त्याचा तिथे शब्द जातो. मग साठवर घेऊन पाहिलं, तर घरातल्या जुन्या ट्यूबलाइटचे काळपट पट्टे ताईच्या अंगावरून सरकायला लागले, कारण आपल्याकडची वीज पन्नासच्या ठेक्यावर चालते. ताई हसली. "मंग पन्नासच घेऊ न. वीज पन्नास, आपण पन्नास. भांडणच मिटलं!" यवतमाळहून जुना कॅमेरा आणला, त्यात पन्नास होते. साध्या फोनवाल्या मुलांसाठी ती पंचवीसची वेगळी प्रत काढायची. एकाआड एक चित्र सोडायचं, भागाकार पुरा जातो. हिसका नाही.

मिक्सिंगवाला वैतागायचा. "ताई, इतकं कोण पाह्यते? सिनेमा चोवीसचा असते, त्याले कोणी काही म्हणत नाही."

"सिनेमात हिरोचं तोंड बोलते रे बाप्पा. इथं माही बोटं बोलून राह्यली. तू मधात नको बोलू."

तिच्या माघारी नातेवाईक तिला पन्नासवाली बाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि तिने कधी मनावर घेतलं नाही. मीही आज तो हट्ट होता असं म्हणून सोडून देणार नाही. तो हिशोब होता, आणि बरोबर होता.

ताईच्या श्रद्धांजलीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर शाळेच्या संस्थेचे सचिव माझ्याजवळ येऊन बसले. "भाऊ, ताईचे सगळे पाठ आपण संस्थेच्या चॅनेलवर नव्यानं टाकू. तीसवर करून घेतो, आजकाल सगळीकडे तेच चालते. सुरुवातीले ताईचा हारवाला फोटो अन् मागून मंद म्युझिक."

"म्युझिक कोणासाठी?" मी विचारलं.

ते म्हणाले, "वातावरणासाठी."

पल्लवी शेजारीच होती. आता ती महागावला शिवणकामाचं दुकान चालवते. मी तिला हातांनी सगळं सांगितलं, पन्नासमधून तीस काढायचे म्हणजे दर पाच चित्रांतली दोन फेकायची, तीही सारख्या अंतराने नाही, हेही सांगितलं. तिचं उत्तर मी मोठ्याने बोलून दाखवलं. "साहेबांनी आजचं श्रद्धांजलीचं भाषण दर पाच शब्दांतले दोन गाळून पुन्हा करावं. जमलं तर पाठ घेऊन जावेत."

मांडवात हशा पिकला. सचिव हसले नाहीत. "मंग संस्थेच्या चॅनेलवर जागा नाही भेटणार," म्हणाले.

"नका देऊ," मी म्हणालो.

गेलेल्या माणसाच्या नावाने वाद नको, असं मला चारजणांनी समजावलं. माझं म्हणणं साधं आहे. माणसाचा शब्द मोडायचा आणि त्याच्याच फोटोला हार घालायचा, हे मला जमत नाही. पाठ माझ्याकडे आहेत, जसेच्या तसे. ज्या मुलाला हवे त्याला पाठवतो. अपूर्णांकांचे पाठ तेवढे राहून गेले होते. ते आता पल्लवी करते, रविवारी जीप बदलत बदलत येते, ताईच्या मधल्या खोलीत उभी राहते, आणि कॅमेरा मी धरतो.

त्या खोलीची एक भिंत ताईने गडद निळी करून घेतली होती. रंगाचे पोपडे निघायला लागले म्हणून परवा रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, पांढरा मारू का? खोली मोठी दिसन."

"खोली नको दिसू देऊ," मी म्हणालो. "हात दिसले पाहिजेत. निळाच मार."