कुंडमच्या चढावर दिलेलं चाक

जीपवरचं ते काम मिळावं म्हणून मी आयोजकांच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. कोणाच्या दारात दुसऱ्यांदा जायचा माझा स्वभाव नाही. पण मला सूड घ्यायचा होता, मग चकरा मारायला काय जातं!

सायकल शर्यतीत एक जीप अशी असते की ती कोणत्याच टीमची नसते. तिच्यावर चाकं लावलेली असतात. रस्त्यात जिचं चाक पंक्चर झालं आणि जिच्या टीमची गाडी जवळ नाही, तिने हात वर करायचा. जीपने थांबायचं, चाक बदलून द्यायचं. मग ती पहिली असो की शेवटची. आमच्या बायकांच्या सहा दिवसांच्या शर्यतीत ही जीप निळ्या रंगाची होती. जबलपूरच्या गोहलपुरात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मी तिथेच वाढले. चाक बदलायला मला अर्धा मिनिटही लागत नाही. आयोजकांना जबलपूरचंच कोणी तरी पाहिजे होतं. बाई पाहून ते थोडे चपापले, मग अच्छा अच्छा करत हो म्हणाले.

आता सूड कोणावर, ते सांगते. माझ्या स्वतःच्या टीमवर. म्हणजे जी वर्षभरापूर्वीपर्यंत माझी होती तिच्यावर.

तीन हंगाम मी त्या टीममध्ये पाणी वाहिलं. खरंच पाणी. मागे टीमच्या गाडीपाशी जायचं, पाठीवरच्या खिशांत आणि जर्सीत मावतील तितक्या बाटल्या कोंबायच्या, आणि पुन्हा जोर मारून पुढे येऊन वाटायच्या. कॅप्टन जिंकावी म्हणून बाकीच्यांनी मरायचं, याला टीम म्हणतात. याबद्दल माझी तक्रार नव्हती, कामच ते होतं. आणखी एक काम होतं. कॅप्टनचं चाक पंक्चर झालं आणि गाडी जवळ नसली, तर जी सगळ्यात जवळ असेल तिने आपलं चाक काढून द्यायचं. कॅप्टनने मागायचं नसतं, आपण विचारायचं नसतं. उतरायचं, काढायचं, द्यायचं.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी कुंडमच्या चढावर कॅप्टन पंक्चर झाली. मी मागेच होते. उतरले, काढलं, दिलं. तिने सायकलवर टांग टाकता टाकता म्हटलं, "गाडी आ रही है पीछे," आणि गेली. मी तिचं बसलेलं चाक घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दोन्ही बाजूंना सागवानाचं जंगल, आवाज नाही काही. मग आमची गाडी आली. मी हात वर केला. गाडीच्या टपावर माझंच जादा चाक होतं. मी त्याला हिरवी टेप लावली होती, म्हणून लांबूनच ओळखलं. ते वाऱ्याने फिरत होतं. पुढच्या सीटवर सर बसले होते, आमचे मॅनेजर. गाडी माझ्यासमोरून निघून गेली.

शर्यतीत रोज वेळेची मर्यादा असते. पहिली पोचल्यावर ठरलेल्या वेळात बाकीच्यांनी यायचं, नाही आली तर बाद. सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, बाद झालेल्यांना गोळा करत. तिला आम्ही झाडूगाडी म्हणतो. मी त्या झाडूगाडीत बसून जबलपूरला आले. सहाही दिवस पूर्ण करणाऱ्यांनाच सर्टिफिकेट मिळतं, आणि ते मला पाहिजे होतं. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा होता, आणि वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. एक दिवस उरला होता हो, एकच दिवस! कॅप्टन जिंकली. हार घालून टीमचा फोटो काढला, त्यात मी नाही.

घरी आईने विचारलं, "काहून थांबले नाहीत ते?"

मी म्हटलं, "मी दिसली नसेन त्यांना."

चार महिने मी हेच सांगत होते. आईला, बाबांना, शेजाऱ्यांना, स्वतःला. वळण होतं, ऊन डोळ्यावर होतं, दिसली नसेन. मग टीमची जर्सी परत करायला गेले तेव्हा सर भेटले. हातात खव्याच्या जिलेबीचा द्रोण होता. मी सरळ विचारलं, सर, त्या दिवशी मी दिसली नाही का तुम्हाला?

"दिखी थी ना, बेटा," ते म्हणाले. जिलेबी तोंडात होती. "रुकते तो कॅप्टन अकेली पड़ जाती. तुम तो समझदार हो."

कॅप्टन बाजूलाच उभी होती. तिने मोबाइलमधून मान वर केली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समझदार म्हणे! त्या दिवशी मी द्रोण त्यांच्या हातातून उडवायला पाहिजे होता. उडवला नाही, याचा मला अजून राग आहे. घरी आले आणि आईला म्हटलं, पाह्यलं होतं त्यांनी मला. त्या दिवसापासून मी ह्या दोघांना पाण्यात पाहू लागले, आणि जीपचं काम मिळेपर्यंत गप्प राहिले.

यंदा शर्यत सुरू झाली आणि त्यांची टीम पहिल्याच दिवसापासून उसवायला लागली. दोघी एकमेकींवर आपटून पडल्या, एकीचा खांदा निखळला. तिसरी तापाने फणफणली. सहापैकी तीनच उरल्या. मला आनंद झाला, खोटं काहून बोलू! रात्री भाकर दोन घास जास्त गेली.

त्या उरलेल्या तिघींत एक होती शहपुऱ्याची, बावीस वर्षांची. माझ्या जागी तिला घेतलं होतं. आपल्याच लोकांतली, घरी मराठी. तिला समजतं सगळं, पण बोलायला गेली की हिंदीत घसरते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ब्रेकची तार कसून घ्यायला माझ्याकडे आली. त्यांचा मेकॅनिक कॅप्टनच्या सायकलीतून डोकंच काढत नव्हता. मी तार कसत होते, तर ही आपली बोलतच सुटली. घरच्यांनी तिला एकच हंगाम दिला होता. सर्टिफिकेट मिळालं तर फॉर्म भरायचा, नाही तर सायकल विकायची, असं ठरलं होतं.

"पाणी वाहायचं तितकं वाह," मी म्हटलं. "पण चाक देऊ नको कोणाला."

ती हसली. "देना तो पड़ता है, दीदी."

तिसऱ्या दिवशी मला पहिली संधी मिळाली. चढावर कॅप्टन मागे पडली, तर त्यांची गाडी तिच्या बाजूला आली. सरांनी खिडकीतून बाटली पुढे केली. कॅप्टनने बाटली धरली, आणि सोडलीच नाही. सरांनीही सोडली नाही. गाडी तिला ओढून राहिली आणि ही बाई बाटली धरून चढ चढून राहिली! ही जुनी चलाखी आहे, दोन सेकंद सगळेच करतात. ह्यांनी पार चढ संपेपर्यंत केलं. मी पंचांकडे गेले आणि जे पाह्यलं ते सांगितलं. त्यांच्या गाडीला शिक्षा झाली: उरलेले सगळे दिवस टीमच्या गाड्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. सर माझ्याकडे खाऊ की गिळू असे पाहत होते. मी हातातला पाना हलवून त्यांना नमस्कार केला.

इतक्यावर माझं भागायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी पुन्हा कुंडमचा रस्ता. एकूण वेळेत कॅप्टन सगळ्यांत पुढे होती, पण फक्त काही सेकंदांनी. तिची गाडी मागे कुठे तरी, दहा गाड्यांच्या पलीकडे. आमची निळी जीप पुढच्या घोळक्यामागेच चालली होती. चढाचा अर्धा भाग झाला आणि कॅप्टन डावीकडे सरकली, उतरली, हात वर केला. मागचं चाक बसलं होतं. मागच्या वर्षी मी उभी होते त्याच्या जरा अलीकडे.

ड्रायव्हर भैयाने जीप हळू केली.

"चलो भैया, आगे चलो."

"दीदी, हाथ उठाई है वो."

"चलो म्हटलं ना!"

तो घाबरला आणि चालला. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, तिला माझं तोंड नीट दिसावं म्हणून. तिने आधी नुसता हात वर धरला होता, जीप थांबणारच या भरवशाने. मग तो हलवायला लागली. मग मी दिसले आणि तिचा हात हळूहळू खाली आला. ओळखलं तिने. तिला बरोबर समजलं काय होऊन राहिलं ते. वर्षभर मला हेच पाहिजे होतं. सांगते, गोड लागलं. फार गोड लागलं.

मग मी आरशात पाह्यलं.

शहपुऱ्याची पोरगी मागून येत होती. ती थांबली, उतरली, सायकल उलटी केली. कॅप्टनने मागितलं नाही, तिने विचारलं नाही. बघता बघता चाक निघालं आणि कॅप्टनच्या सायकलीला लागलं.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तीन हंगाम जे काम मी केलं, तेच मी विसरले होते. कॅप्टनला चाक मिळतंच, कोणाचं तरी मिळतंच. वर्षभर मी कॅप्टनला रस्त्यात उभी करायचं ठरवत होते आणि उभी केली कोणाला, तर हिला.

ती जीपकडे पाहत हात वर करून उभी होती.

भैयानेही आरशात पाह्यलं. "रोकें क्या, दीदी?"

आता थांबलो तर मघाशी का नाही थांबलो, हे पंच विचारणार होते. काम गेलं असतं, त्याहून जास्त म्हणजे सगळ्यांसमोर माझा सूड उघडा पडला असता. इतका विचार करायला मला वेळ होता. त्या वेळात तिला चाक देऊन झालं असतं.

"नको," मी म्हटलं. "चलो."

थोड्या वेळाने त्यांची गाडी रांग मोडून जोरात आमच्या बाजूने पुढे गेली. सर कॅप्टनला गाठायला निघाले होते. गाडीच्या टपावर दोन्ही चाकं तशीच होती, म्हणजे मागे पोरीसाठी ती पण थांबली नव्हती.

कॅप्टनचा पहिला नंबर त्या दिवशी गेला. ती तिसरी झाली. जबलपूरच्या मैदानात ती टॉवेलमध्ये तोंड घालून रडत होती आणि मी मुद्दाम तिच्यासमोरून दोनदा गेले. पंचांनी मला बोलावलं. जीप का थांबली नाही? मी म्हटलं, वळण होतं, ऊन डोळ्यावर होतं, दिसली नाही. त्यांनी मानलं.

मग झाडूगाडी आली. त्यातून ती उतरली, हेल्मेट हातात, बाद. शामियान्याच्या कडेला जमिनीवरच बसली. तिच्या टीमचं कोणी तिच्याकडे आलं नाही. मी दोन चहा घेतले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. पाय ओढूनच गेले, पण गेले.

तिने कप घेतला. घरी काय सांगू, ते जुळवून राहिली होती बहुतेक. मला म्हणाली, "अपनी गाड़ी तो नहीं रुकती, वो मालूम था. पर जीप सबकी होती है ना, दीदी." मग माझ्याकडे पाहून स्वतःच म्हणाली, "आपको हम दिखे नहीं होंगे. मोड़ था वहाँ."

मला फक्त हो म्हणायचं होतं. पंचांना म्हटलंच होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं, मी चार महिने स्वतःला तेच तर सांगत होते. ती घरी जाऊन आईला सांगणार होती, जीपवाल्या दीदीला मी दिसलेच नाही, आणि सगळ्यांचं निभावलं असतं. पण मला जिलेबीचा तो द्रोण आठवला. चार महिन्यांनी हिला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं.

"दिसली होतीस," मी म्हटलं.

तिला पहिल्यांदा समजलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, मराठीतच. कॅप्टनला पाहून मुद्दाम थांबले नाही, आणि तुला पाहून घाबरून थांबले नाही.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, नीट, लक्षात ठेवायला पाहतात तसं. ते पाहणं मला माहीत होतं. मग तिने चहाचा कप भरलेलाच जमिनीवर ठेवला, हेल्मेट उचललं आणि गेली.

बरं केलं. मी पण नसता प्यायला.