४८२६१७ कुठे आहे?

शोभना वझलवार यांना अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली मराठी मंडळी ‘रेल्वेकाकू’ म्हणतात आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही. नागपूरच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात चौदा वर्षं मालगाडीच्या वाघिणींचे, म्हणजे डब्यांचे, नंबर हाताळलेली ही बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी मिशिगनला आली, तर इथेही नशिबी वाघिणीच. रुळांवर धावणाऱ्या केमिकलच्या टाक्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत, आपल्या टाक्या अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत कुठे फिरताहेत यावर नजर ठेवायची. एकसष्ट झाली तरी निवृत्तीचं नाव नाही. घरी बसून करायचं काय, हा साधा प्रश्न.

त्या मंगळवारी दुपारी दोनला ओहायोतल्या कारखान्यातून फोन आला. अमोनियाने भरलेल्या एका टाकीच्या झडपेला चुकीचा वॉशर बसलाय, टाकी तर निघून गेली, कॅनडात शिरण्याआधी ती थांबवा. शोभनाताईंनी सहा आकडे कागदावर उतरवले, सिस्टिममध्ये घातले, ‘थांबवा’ दाबलं. हिरवी खूण उमटली. त्यांनी चहा घेतला.

चाळीस मिनिटांनी पलीकडच्या टेबलावरचा तरुण सहकारी निमिष म्हणाला, “काकू, ही टाकी तर तिकडे कॅनडातल्या अल्बर्टात उभी आहे. रिकामी. दहा दिवस झाले.”

“काहीतरी बोलू नकोस. सिस्टिमने नंबर घेतलाय.”

“घेणारच ना यार... सॉरी, काकू. आपलीच आहे ती. पण अमोनियावाली नाही.”

शोभनाताईंनी कागद ओढला. कागदावर ४८२६१७. पडद्यावर ४८२६७१.

भारतात वाघिणीचा नंबर अकरा आकडी. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की हिशेब बिघडतो आणि मशीन नंबर तोंडावर फेकतं. मशीनने घेतला म्हणजे बरोबर, हे चौदा वर्षांत हाडात मुरलेलं. इथे असा राखणदार आकडाच नाही. मालकाची अक्षरं, पुढे फार तर सहा आकडे, आणि तोच नंबर तिन्ही देशांत चालतो. चुकवलात तर तो दुसऱ्याच एखाद्या टाकीचा बरोबर नंबर निघतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. नव्या पोरांना त्याच शिकवत होत्या.

“खरी कुठे आहे ते बघ. तोंड काय बघतोस माझं!”

“लपीर गावापाशी रुळाकडेच्या यंत्राने तिचा नंबर वाचलाय. दोन पाचला.”

लपीरपुढे पोर्ट ह्यूरन. त्यापुढे नदीखालचा बोगदा आणि पलीकडे कॅनडा. बोगद्यात झडप फुटली तर इंजिनातल्या माणसांना पळायलाही जागा नाही. घड्याळात दोन सेहेचाळीस. शोभनाताईंनी रेल्वेच्या कंट्रोलला थेट फोन लावला.

“तुमचा निरोप मिळालाय,” तिकडची बाई शांतपणे म्हणाली. “अल्बर्टातली टाकी थांबवलीय.”

“ती चुकीची आहे. चूक माझी. ४८२६१७ थांबवा, लगेच.”

“मघाशी तुम्ही एक नंबर दिलात, आता दुसरा देताय. मी सव्वाशे डब्यांची गाडी उभी करायची. हा तरी बरोबर कशावरून?”

शोभनाताईंनी फोन कानाशी धरूनच कागद पाहिला. त्यावरचं अक्षरही त्यांचंच होतं. ऐकतानाच चुकलं असेल तर?

“निमिष, कारखान्याला फोन लाव. टाकी भरतानाची चिठ्ठी वाचायला सांग. आपला नंबर सांगू नकोस, नाहीतर ते नुसतं हो म्हणतील. त्यांना वाचू दे!”

निमिषने फोन स्पीकरवर टाकला. तिकडे कोणीतरी कागद चाळत होतं. दोन एकावन्न. मग एक जाडा आवाज सावकाश आला, चार, आठ, दोन, सहा... एक. सात.

“ऐकलंत?” शोभनाताईंनी रिसीव्हरमध्ये विचारलं.

“ऐकलं. बोगद्याआधी आता एकच सिग्नल उरलाय. लाइनवर थांबा.”

सहा मिनिटं गेली. निमिष नखं कुरतडत होता आणि शोभनाताईंना ते दिसत असूनही ओरडायचं सुचलं नाही.

“गाडी उभी आहे,” बाई म्हणाली. “बोगद्यापासून पाऊण मैलावर.”

तासाभराने तपासनिसाचा निरोप आला. झडप झिरपत होती, दहा पावलांवरून डोळे चुरचुरले. टाकी गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर घेतलीय.

साहेबांना रिपोर्ट हवा होता. निमिष कीबोर्डवर हात ठेवून हळूच म्हणाला, “काकू, ‘सिस्टिम एरर’ लिहू का? कोणी विचारणार नाही.”

“सिस्टिमने काय केलंय बिचारीने? मी जे घातलं ते तिने घेतलं.”

“पण काकू, ते तुम्हाला काढतील.”

“काढू देत. उद्या दुसरं कोणी असंच हिरवी खूण बघून चहा पीत बसेल, त्याचं काय?” शोभनाताईंनी खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली. “लिही. नंबर शोभना वझलवार यांनी चुकीचा घातला आणि चाळीस मिनिटं पुन्हा पाहिला नाही. चाळीस लिही हं, अर्धा तास नको.”

निमिषने लिहिलं. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि स्वतःच ‘पाठवा’ दाबलं.