'साफ' म्हणायचं नाही

श्रीगोंद्याच्या पंकजाला 'साफ' या शब्दाचा भयंकर राग. पार्लर तिचं स्वतःचं, पोट त्याच्यावरच. पण "हातपाय साफ करून द्या" असं कुणी म्हटलं की तिचं डोकं सणकतं. केस म्हणजे काय घाण आहे? ज्याला काढायचेत त्याने काढावेत, ज्याला ठेवायचेत त्याने ठेवावेत, मग बाई असो नाहीतर बाप्या. तिच्या स्वतःच्या हातांवर भरपूर लव आहे. पार्लरवाली असून असे हात, म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडतात. खुशाल मुरडावीत.

परवा बनुबाई होणाऱ्या सुनेला, अश्विनीला, घेऊन आली. हळद दुसऱ्या दिवशी होती.

"हिचं हात साफ करा. आमच्या रामला असलं चालत न्हाई."

नवरदेव राम दारातच मोटारसायकलवर बसला होता. शर्टाची वरची तीन बटणं उघडी, आणि आत केसांचं रान माजलेलं.

पंकजाने अश्विनीला विचारलं, "तुला काढायचेत का गं?"

अश्विनी सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तिला काय इचारता?" बनुबाई म्हणाली.

झालं, पंकजा भडकली. "हात तिचा हाय, मावशी! आन् उद्या हळद ना? माझ्या सासूनं मला असंच आदल्या दिवशी वॅक्स करून आनलं. कातडी सोलवटलेली, तिच्यावर हळद. नुसती आग! मी मंडपात ढसाढसा रडले, तर बायका म्हनल्या, माहेर सुटतंय म्हनून रडतीय. अजून अल्बम बघून तेच म्हनत्यात!"

"आमच्या घरचं आमी बघू."

"मग रामला बी आत बोलवा. त्याची छाती साफ करते."

"आगं, बाप्याची शोभा असती ती!"

"आन् बाईची घान व्हय?"

राम मान खाली घालून मोबाईल चाळत राहिला. बटणं मात्र त्याने एकेक करून लावली.

बनुबाईने अश्विनीचं मनगट धरलं. "चल, दुसरीकडं करू. उद्या समदा गाव हात बघंल."

अश्विनीने मनगट सोडवून घेतलं. ती जागची हलली नाही.

"बघू द्या हात, आत्याबाई. उद्या मी रडले, तर ते माहेरासाठीच असंल."